शंकासुराची पाचवी पाकळी

नमस्कार सर,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर त्यात फणकाराच जास्त आला असता, म्हणून थांबले.

'चित्र काढणं हाही ज्ञानाचा मार्ग आहे' हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. ज्ञान प्रयोगातून येतं, चित्र ही त्यावरची सजावट, असं तुमचं म्हणणं. हातात कॅमेरा असताना एका फुलापाशी चार दिवस बसणं छंद म्हणून ठीक, पण त्याला ज्ञानसाधना वगैरे म्हणू नये. शिवाय सतराव्या शतकातली किड्यांची चित्रकार मारिया सिबिला मेरियन, तिचं कौतुक करताना मी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीतली गुलामगिरी एका ओळीत गुंडाळली. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाची तक्रार आहे, तेव्हा नीटच उत्तर द्यायला हवं.

आधी माझी चूक. 'चित्र खोटं बोलत नाही' असं मी ओघात लिहून गेले होते. ते वाक्य मागे घेते. चित्रकार ड्यूररचा गेंडाच बघा ना. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहानं पोर्तुगीजांना भेट दिलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूरर तिकडे जर्मनीत, न्यूरेंबर्गला. जनावर त्यानं जन्मात पाहिलं नाही. एक पत्र आणि कुणाचं तरी कच्चं रेखाटन, एवढ्या भांडवलावर लाकडी ठशाचं चित्र तयार झालं. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांना खवले आणि मानेच्या मागे एक जास्तीचं शिंग. पण चित्र असलं झोकदार की पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपात त्याच्याच नकला होत राहिल्या. गोव्याच्या धक्क्यावर त्याला जहाजात चढवणाऱ्या हमालाला जरी विचारलं असतं तरी ते शिंग गळून पडलं असतं! तेव्हा न बघता काढलेलं चित्र अज्ञानच पसरवतं, तेही सुबक करून. इथवर आपलं एकमत.

आता कॅमेरा. आमच्या फाटकाशी शंकासुर आहे. त्याचे फोटो माझ्या फोनमध्ये शंभर तरी असतील. गेल्या श्रावणात तो रंगवायला घेतला. पाच पाकळ्या, चुणीदार कडांच्या, सगळ्या सारख्या. शाळेपासून तशाच काढत आलेय. चार जमल्या. पाचवी बसेचना. खोडून खोडून कागदाला लव आली. शेवटी फूल तोडून बशीत ठेवलं आणि चष्मा काढून जवळून पाहिलं. पाचवी पाकळी बाकीच्या चौघींसारखी नव्हतीच. अरुंद, खाली लांब दांडी, आणि कडा आत वळून तिची बारीक नळी झालेली. मग फोनमधले फोटो उघडले, तर जवळपास प्रत्येक फोटोत ती होती. कॅमेऱ्यानं बिचाऱ्यानं आपलं काम केलं होतं, पाहिलं नव्हतं ते मी. फोटो काढताना मला काही ठरवावं लागत नाही. पेन्सिल टेकवली की ठरवावं लागतं, ही रेघ निघते कुठून आणि जाते कुठे. ते ठाऊक नसलं की हात अडतो. त्या अडण्याला मी ज्ञानाचा मार्ग म्हणत होते. शब्द जरा मोठा झाला असेल, वस्तू खरी आहे.

मेरियनच्या बाबतीतही मी वाहवत गेले. किडे चिखलातून आपोआप जन्मतात हा समज तिनं एकटीनं मोडला, असं माझ्या लेखातून वाटत होतं. बरणीतलं मांस झाकून ठेवलं की त्यात अळ्या होत नाहीत, हे दाखवणारा इटलीच्या रेदीचा प्रयोग १६६८चा आणि तिचं सुरवंटांवरचं पहिलं पुस्तक १६७९चं, म्हणजे इथे प्रयोगच पुढे. पण तेराव्या वर्षापासून रेशीमकिडे पाळणाऱ्या या बाईनं अंडी, अळी, कोष, फुलपाखरू आणि त्या अळीचं खाद्य असलेलं झाड हे सगळं एका पानावर आणलं. कोणती अळी कशावर जगते, हे रेदीच्या बरणीत दिसत नव्हतं.

१६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती सुरिनामला गेली. तिथली ६० चित्रं १७०५ मध्ये छापून आली. एका चित्रात पेरूच्या फांदीवर भला मोठा कोळी हमिंगबर्डला खातोय. एकोणिसाव्या शतकात त्यावरून तिला खोटारडी ठरवलं गेलं, आणि मग १८६३ मध्ये इंग्रज निसर्ग-अभ्यासक बेट्सनं ॲमेझॉनच्या जंगलात पक्षी मारणारा कोळी पाहिल्याचं लिहिलं. मात्र त्याच फांदीवर तिनं पानं कापणाऱ्या मुंग्या आणि लष्करी मुंग्या यांची चक्क सरमिसळ करून ठेवलीय. हा तुमच्या बाजूचा पुरावा, मीच देते.

गुलामगिरीच्या मुद्द्यावर मला बचाव नाही. जंगलात वाट पाडायला कुऱ्हाडी देऊन गुलाम पुढे धाडले, हे तिचं तिनंच लिहिलंय. आणि त्याच पुस्तकात आपला शंकासुर आहे, आमच्या फाटकाशी आहे तोच. चित्राशेजारचा मजकूर असा: डच मालकांच्या छळाखालच्या गुलाम बायका याच्या बिया घेऊन गर्भ पाडतात, आपली मुलं गुलाम होऊ नयेत म्हणून, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. म्हणजे चित्र तिचं, झाडाची माहिती त्या बायकांची, आणि नाव मात्र त्यांतल्या एकीचंही नाही. हे पहिल्याच लेखात यायला हवं होतं. रंगांच्या नादात राहून गेलं, दुसरं कारण नाही.

आता एक काम सांगते. सकाळी उन्हं आली की आमच्या झाडावर एक काळं फुलपाखरू येतं. त्या नळीच्या पाकळीत सोंड घालतं, तेव्हा फुलाबाहेर दोन इंच आलेले लाल पुंकेसर त्याच्या पंखांना घासतात. रंगवत बसल्यामुळेच हे चारदा दिसलं. पराग त्या पंखांवरून पुढच्या फुलावर जातो का, हे मात्र कितीही रंगवलं तरी कळायचं नाही. तुमच्याकडे मायक्रोस्कोप असेल तर कळवा. फुलपाखरू धरायचं माझ्याकडे लागलं.