डुकरांची लस, निम्मी लोकसंख्या आणि एक फॉरवर्ड

‘डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा’ अशी सुरुवात असलेला, फायझर कंपनीच्या प्रमुखावरचा एक मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. त्यातले दावे थोडक्यात असे: अल्बर्ट बुर्ला हा माणसांचा नव्हे, जनावरांचा डॉक्टर, त्याने डुकरांना नपुंसक करणारी लस आणली आणि तीच पुढे कोविडची लस म्हणून माणसांना टोचली, जगाची लोकसंख्या निम्मी करणार हे त्याने दावोसमध्ये (स्वित्झर्लंडमधल्या जागतिक आर्थिक परिषदेत) कबूल केलं, गोळीत चिप घालणार हेही तोच म्हणाला, लशीची घोषणा झाली त्याच दिवशी स्वतःचे शेअर विकले, स्वतः लस घेतलीच नाही, आणि शेवटी एफबीआयने त्याला उचललं. हे सगळं घरच्या ग्रुपवर आलं, तिथवर ठीक होतं. पण परदेशात असलेल्या भाचीने २०२१ मध्ये हीच लस घेतली होती, तर ‘आता तिला मूल होईल ना?’ अशी चर्चा ज्येष्ठ मंडळींनी सुरू केल्यावर गप्प बसणं कठीण झालं.

जनावरांचा डॉक्टर, हे खरं आहे. त्यात गौप्यस्फोट कसला? कंपनी स्वतःच ते छापते. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या ॲरिस्टॉटल विद्यापीठातून बुर्लांनी पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि प्रजनन-जैवतंत्रज्ञानात पीएचडी केली. १९९३ मध्ये ते फायझरच्या ग्रीसमधल्या पशुआरोग्य विभागात लागले. २०१० मध्ये माणसांच्या औषधांकडे आले आणि पेटंट संपलेल्या किंवा संपत आलेल्या औषधांचा विभाग सांभाळू लागले. २०१४ पासून लशी, कर्करोगाची औषधं आणि ग्राहक-उत्पादनं त्यांच्याकडे आली. १ जानेवारी २०१८ पासून मुख्य परिचालन अधिकारी, १ जानेवारी २०१९ पासून मुख्य कार्यकारी. म्हणजे गोठ्यातून थेट खुर्चीवर असं काही झालेलं नाही. मध्ये पंचवीस वर्षं आहेत.

आणि पदवीवरच बोट ठेवायचं असेल तर इतरांचीही बघा. फायझरमध्ये बुर्लांच्या आधीचे इयन रीड रासायनिक अभियंता आणि सनदी लेखापाल. त्यांच्या आधीचे जेफ्री किंडलर वकील. मर्कचे २०२१ पर्यंतचे प्रमुख केनेथ फ्रेझियर वकील. ग्लॅक्सोच्या प्रमुखपदी २०१७ मध्ये आलेल्या एमा वॉम्स्ली ऑक्सफर्डला अभिजात आणि आधुनिक भाषा शिकल्या आणि त्याआधी लोरिआलमध्ये प्रसाधनं विकत होत्या. आणि ॲस्ट्राझेनेकाचे पास्काल सोरिओ? तेही पशुवैद्यच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर अजून दोन परिच्छेद वाढले असते. लस बनवण्याचं काम प्रमुख करतच नाही. फायझरची कोविड लस मुळात बायोएनटेक या जर्मन कंपनीच्या उगूर शाहिन आणि ओझलेम तुरेजी यांच्या प्रयोगशाळेतली. फायझरकडून लस-संशोधनाची धुरा काथरिन यान्सेन यांच्याकडे होती. प्रमुखाने ठरवायचं ते पैशाचं: निकाल लागण्याआधी कारखाने उभे करायचे का, संशोधनासाठी सरकारी पैसा घ्यायचा का (बुर्लांनी अमेरिकन सरकारचा घेतला नाही), आणि फसलं तर सुमारे २०० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकायची तयारी आहे का. जाता जाता: गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली ती वॉल्टर प्लॉराइट या पशुवैद्याच्या लशीच्या जोरावर. ‘जनावरांचा डॉक्टर’ ही शिवी म्हणून वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता डुकरांची लस. सगळ्यात जास्त नुकसान हाच मुद्दा करतो, म्हणून जरा सविस्तर.

लशीचं नाव इम्प्रोवॅक. ती मूळची ऑस्ट्रेलियातली. पुढे फायझरच्या पशुआरोग्य विभागाने घेतली आणि बुर्ला त्या विभागात असताना ती बाजारात आणली गेली, हेही खरं. तिचं काम असं. नर डुक्कर वयात आलं की त्याच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल साठतात आणि मांसाला उग्र वास येतो. त्यावर जुना उपाय म्हणजे पिल्लू लहान असतानाच खच्ची करणं, बऱ्याच ठिकाणी भूल न देता. इम्प्रोवॅक हे काम चाकूशिवाय करते. मेंदूतून निघून वृषणांना कामाला लावणारं जे संप्रेरक आहे, त्याची नक्कल या लशीत असते. हा रेणू इतका छोटा की नुसता टोचला तर शरीर त्याची दखलच घेत नाही, म्हणून तो घटसर्पाच्या टॉक्सॉइडला (निष्प्रभ केलेल्या विषाला) जोडलेला असतो. २ मिलीचे दोन डोस, किमान ४ आठवड्यांच्या अंतराने, मानेत कानामागे. पहिल्या डोसने फारसं काही होत नाही. दुसऱ्यानंतर प्रतिपिंडं त्या संप्रेरकाला अडवतात आणि टेस्टोस्टेरॉन पडतं. परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, म्हणूनच दुसरा डोस कत्तलीच्या ४ ते ६ आठवडे आधी द्यायचा असतो. लवकर दिला तर वास परत येतो आणि शेतकऱ्याचे पैसे वाया जातात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी इम्प्रोवॅकचं माहितीपत्रक नाचवत येईल. त्यात खरोखरच लिहिलंय की ही लस चुकून माणसाला टोचली गेली तर लैंगिक संप्रेरकं तात्पुरती घटू शकतात, गर्भारपणावर वाईट परिणाम होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा टोचली गेली तर धोका जास्त. म्हणूनच ती सुईला कवच आणि चापाला अडसर असलेल्या खास इंजेक्टरनेच द्यायची असते, आणि एकदा चुकून टोचून घेतलेल्याने पुन्हा ती हाताळायची नसते.

पण हा इशारा त्या लशीतल्या त्या घटकासाठी आहे. कोविडच्या लशीत तो घटक नाही. प्रौढांच्या मूळ डोसमध्ये ०.३ मिलीत ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए, त्याला गुंडाळणारे चार स्निग्ध पदार्थ (त्यातला एक कोलेस्टेरॉल), क्षार आणि साखर. तो एमआरएनए म्हणजे पेशींसाठीची एक सूचना: कोरोना विषाणूच्या काट्याचं प्रथिन बनवा. वृषण, बीजांडकोश किंवा त्यांना चालवणाऱ्या संप्रेरकाशी त्याचा संबंध नाही. दोन्हींचे दोन-दोन डोस असतात, एवढंच काय ते साम्य, आणि फॉरवर्डमधला ‘पुरावा’ही तेवढाच. चाचणीत सहभागी झालेल्यांना गर्भधारणा टाळायला सांगितलेलं होतं. तरी १४ नोव्हेंबर २०२० पर्यंत २३ स्त्रियांना दिवस गेले होते: १२ लस घेतलेल्या गटातल्या, ११ प्लासिबो (लस नसलेलं, नुसतं दिखाव्याचं इंजेक्शन) गटातल्या. आकडा छोटा आहे, त्यावर सगळा डोलारा उभारू नये. पण ही खच्ची करणारी लस असती तर त्या १२ जणींचं काय सांगणार? आणि इम्प्रोवॅक आता फायझरची राहिलेलीही नाही. पशुआरोग्याचा धंदा २०१३ मध्ये झोएटिस नावाने वेगळा झाला.

लोकसंख्या निम्मी करण्याची क्लिप. मे २०२२, दावोस, परिषदेचे संस्थापक क्लाउस श्वाब यांच्याशी गप्पा. बुर्ला सांगत होते की २०१९ च्या जानेवारीत त्यांनी पुढच्या पाच वर्षांची उद्दिष्टं ठरवली, त्यातलं एक: आमची औषधं ज्यांना परवडत नाहीत अशा जगातल्या माणसांची संख्या २०२३ पर्यंत ५० टक्क्यांनी कमी करायची. क्लिप बनवणाऱ्याने ‘आमची औषधं ज्यांना परवडत नाहीत’ एवढे शब्द कापले. आवाज नीट ऐकलात तर सांधा कळतो. मूळ वाक्याचीही खिल्ली उडवता येईल (औषध कंपनीच्या तोंडी परवडण्याची भाषा!), पण निदान पूर्ण वाक्याची उडवा. आणि २०२३ येऊन गेलं. त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर पोचली.

चिपची क्लिपही दावोसचीच, पण २०१८ ची. तेव्हा कोविड नव्हता आणि बुर्ला प्रमुखही नव्हते. ते ज्या गोळीबद्दल बोलत होते ती ॲबिलिफाय मायसाइट, स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची, ओत्सुका कंपनीची. अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ मध्ये तिला मंजुरी मिळाली. गोळीत वाळूच्या कणाएवढा सेन्सर असतो: तांबं, मॅग्नेशियम, सिलिकॉन. पोटातल्या आम्लात भिजला की तो क्षीण संदेश देतो, तो पकडायला रुग्णाने अंगावर पट्टी चिकटवलेली असावी लागते आणि मोबाइलवर ॲप. पट्टी काढली की संपलं. संदेश यायला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात, कधी येतही नाही. म्हणून गोळी घेतली की नाही ते तत्क्षणी कळण्यासाठी याच्यावर विसंबू नका असं मंजुरी देतानाच बजावलेलं आहे. लशीचा इथे काहीच संबंध नाही.

शेअर विक्रीचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. यासाठी एकच कागद पुरेसा आहे: बुर्लांचा फॉर्म ४. अमेरिकेत कंपनीच्या अधिकाऱ्याने शेअर घेतले-विकले की दोन कामकाजी दिवसांत हा फॉर्म एसईसी या शेअर बाजार नियामकाकडे भरावा लागतो आणि तो एडगर या संकेतस्थळावर कुणालाही फुकट दिसतो. फायझर शोधा, नोव्हेंबर २०२० वर जा. पहिल्या तक्त्यात तारीख, मग व्यवहाराचा कोड (एस म्हणजे विक्री), संख्या, भाव, आणि विक्रीनंतर उरलेले शेअर. ९ नोव्हेंबर २०२०: १,३२,५०८ शेअर, ४१.९४ डॉलरला. म्हणजे सुमारे ५५.६ लाख डॉलर. उरले ८१,८१२. लस परिणामकारक ठरल्याची घोषणा त्याच सकाळची, आणि आदल्या शुक्रवारी भाव ३६.४० ला बंद झालेला. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर.

पण तळटीप वाचा. ही विक्री १९ ऑगस्टला आखलेल्या योजनेनुसार झाली: भाव ठरावीक पातळीच्या वर गेला की आपोआप विकायचे. नियम १०बी५-१ अशा योजनेला परवानगी देतो, अट एवढीच की योजना आखताना आतली महत्त्वाची माहिती हाताशी नसावी. होती का? हिशेब करा. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २७ जुलैला सुरू झाली. दुसरा डोस २१ दिवसांनी, म्हणजे लवकरात लवकर १७ ऑगस्ट. परिणामकारकतेसाठी मोजायचे रुग्ण त्यानंतर ७ दिवसांनी, म्हणजे २४ ऑगस्टपासून. १९ ऑगस्टला मोजण्यालायक एकही रुग्ण असूच शकत नव्हता. त्यातून, कुणाला लस आणि कुणाला प्लासिबो हे कंपनीपासून झाकलेलं असतं. ते स्वतंत्र देखरेख समिती बघते, आणि तिने निकाल कळवला ८ नोव्हेंबरला, रविवारी.

तरीही चांगलं दिसत नाही ते नाहीच. योजना आखल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २० ऑगस्टला, कंपनीने पहिल्या टप्प्याची आकडेवारी जाहीर केली होती. ती बुर्लांना आधी माहीत नव्हती असं कोण मानेल? शिवाय अशा योजनांच्या पळवाटांवर टीका वाढल्यावर एसईसीने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलला: आता अधिकाऱ्यांनी योजना आखल्यापासून पहिल्या विक्रीपर्यंत किमान ९० दिवस जावे लागतात. १९ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर होतात ८२. नवा नियम तेव्हा असता तर ही विक्री त्या दिवशी झाली नसती. तेव्हा मात्र ती कायदेशीर होती.

उरलेलं पटकन. लस घेतली नाही: डिसेंबर २०२० पर्यंत घेतली नव्हती, वय ५९, तब्येत ठणठणीत, रांग मोडायची नाही असं त्यांनी कारण दिलं, मार्च २०२१ पर्यंत दोन्ही डोस झाले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कोविड झाला तेव्हा चार झालेले होते. अटक: ५ नोव्हेंबर २०२१ ला झाली म्हणतात, त्याच दिवशी ते पॅक्सलोविड या फायझरच्या कोविडवरच्या गोळीच्या निकालांबद्दल सीएनबीसी वाहिनीवर बोलत होते.

बुर्लांना धारेवर धरायचंच असेल तर सामग्री आहे. १ एप्रिल २०२१ ला त्यांनी ट्वीट केलं की दक्षिण आफ्रिकेत लस १०० टक्के परिणामकारक, आणि पुढे उद्गारचिन्हासह पुन्हा ‘१००%!’ कंपनीच्याच त्या दिवशीच्या पत्रकात आकडे होते: दक्षिण आफ्रिकेत ८०० जण, एकूण ९ रुग्ण, सगळे प्लासिबो गटातले. ९ रुग्णांवरून काढलेल्या शंभर टक्क्यांचा विश्वासार्हता-पल्ला (खरा आकडा ज्या दरम्यान असण्याची शक्यता आहे ती मर्यादा) ५३.५ ते १०० असा येतो. पत्रकात तो पल्ला होता, ट्वीटमध्ये नव्हता. तसंच डिसेंबर २०२१ मधली बीबीसीची मुलाखत: ५ ते ११ वयाच्या मुलांना लस द्यावी असं ते ठामपणे बोलले, तेव्हा ब्रिटनमध्ये त्या वयोगटाला मंजुरीच नव्हती; ती आली २२ डिसेंबरला. तिथल्या औषध-जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या पीएमसीपीएकडे पालकांच्या एका गटाने तक्रार केली. विधानं दिशाभूल करणारी होती आणि त्यांना पुरेसा आधार नव्हता, हे आक्षेप तिथे मान्य झाले. त्याहून गंभीर ठपके अपिलात काढून टाकले गेले.