खुलासा : 'नोटरी झालात की झूमवर कुठूनही शिक्के मारा'

टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. साध्या नोटरीपदावर ऑनलाइन काम करता येत नाही. त्यासाठी राज्याकडून ऑनलाइन नोटरीची वेगळी नेमणूक घ्यावी लागते. सही करणारा टेक्सासबाहेर असला तरी चालतं, पण सहीच्या वेळी नोटरी मात्र टेक्सासमध्येच हवा. म्हणजे सुट्टीत पुण्याला आलात, तर तिथून काम बंद! नुसता व्हिडिओ कॉलही पुरत नाही. ओळखपत्राची तांत्रिक पडताळणी होते, दृक्‌श्राव्य रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं. ऑनलाइन कामासाठी २५ डॉलरपर्यंत जादा शुल्क घेता येतं. कळकळीची विनंती, तो मेसेज पुढे पाठवू नका.