कातडी लोंबू नये म्हणून ‘वजन हळू उतरवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करण्याचं, ऑपरेशन होऊन जेमतेम सात आठवडे झालेल्या मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मग प्रोटीन पावडर बंद करू का?” मेसेज पाच मुद्द्यांचा आहे, वर गुलाबाची फुलं, खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. पोहोचलाय खरा, म्हणून हे लिहावं लागतंय.

“वजन महिन्याला दोन किलोच उतरू द्या. भूक नसली तरी चिक्की, शिरा खा, म्हणजे कातडी सोबत आवळत येते.”

यातलं अर्धं खरं आधी मान्य करून टाकतो. कातडी आकसायला वेळ लागतो आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष ती थोडीथोडी आवळत राहते. पण शेवटी किती लोंबणार हे ठरतं ते एकूण किती किलो उतरले, वय काय, पोट किती वर्षं ताणलेलं होतं, बाळंतपणं किती झाली, तंबाखू-सिगारेट आहे का, यावर. वर्षानुवर्षं ताणून कातडीतले इलॅस्टिनचे तंतू तुटलेले असतात. पायजम्याचं सैल झालेलं इलॅस्टिक हळू सोडलं म्हणून घट्ट होत नाही.

शिवाय वेळ मोजकी असते. १२० किलोच्या माणसाचं वजन ३० टक्के, म्हणजे ३६ किलो उतरणार असेल, तर त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या सहा महिन्यांत उतरतं आणि १२ ते १८ महिन्यांत काटा स्थिरावतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एसओएस या लठ्ठ लोकांवरच्या अभ्यासात वजनाचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपासवाल्यांचं (हृदयाचा नव्हे, जठराचा बायपास) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे काटा सगळ्यात खाली जातो तो सुरुवातीला, नंतर थोडा वर चढतोच. दोन किलोच्या हिशोबाने पहिल्या सहा महिन्यांत बाराच किलो उतरतील. बाकीचे कधी उतरवणार? आणि बायपासवाल्याने शिरा खाल्ला तर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात.

झपाट्याने वजन उतरण्याचा एक खरा धोका आहे, पित्ताशयात खडे होण्याचा. त्यासाठी अनेक सर्जन पहिले सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्या देतात. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

“प्रोटीन पावडर किडनी खराब करते. त्याऐवजी दोन चमचे कोलॅजन घ्या, ते थेट कातडीत जातं.”

थेट कुठेही काही जात नाही. पोटात गेलं की कोलॅजनचीही अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, ती कुठे वापरायची ते शरीर ठरवतं. कोलॅजनमुळे त्वचेचा ओलावा थोडा सुधारल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण ते सुरकुत्यांवरचे, ३६ किलो उतरलेल्या पोटावरचे नव्हेत.

खरी गफलत वेगळीच आहे. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, ल्युसिनही कमी. डब्यावर ‘१० ग्रॅम प्रोटीन’ छापलेलं असलं तरी ऑपरेशननंतर रोज लागणाऱ्या ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांच्या हिशोबात ते धरायचं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत एका वेळी पोटात जेमतेम अर्धी-पाऊण वाटी मावते. तेवढी जागा कोलॅजनच्या पाण्याने भरली तर उरलं काय? व्हे (दुधापासूनच्या) प्रोटीन पावडरच्या एका स्कूपमधून २० ते २५ ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून १२, १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास, ३० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून १५. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅमच्या पुढे जात नाही, त्यामुळे नुसत्या वरणावर हिशोब जुळवू नका. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडून खातं, आणि दंड-मांड्यांतला स्नायू गेला की वरची कातडी आणखीच रिकामी लोंबते. कातडीसाठी म्हणून घेतलेल्या डब्याने कातडीचंच नुकसान!

किडनी आधीच बिघडलेली असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर प्रमाण किडनीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इतरांसाठी ६० ते ८० ग्रॅम म्हणजे अतिरेक नव्हे. आणि शाकाहारी मंडळींनो, कोलॅजन वनस्पतीत नसतं. ते माशांच्या नाहीतर जनावरांच्या कातड्या-हाडांतून येतं.

“काटा दोन आठवडे हलला नाही म्हणजे पोट पुन्हा फुगलं. पाच दिवस फक्त फळांचे रस घ्या. उलट्या झाल्या तर उत्तम, शरीर साफ होतंय.”

हे वाचून डोकं फिरलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडकतो तो बहुतेकांचा. सुरुवातीला ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि त्याच्यासोबतचं पाणी भराभर जातं, मग शरीर थोडं पाणी धरून ठेवतं. पोट फुगण्याचा इथे संबंध नाही.

उलट्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. आधीच खाणं कमी, त्यात रोज उलट्या आणि पोटात नुसता साखरेचा रस, की तो संपतो. मग दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. हा मेंदूवरचा घाव वेळीच उपचार न मिळाल्यास कायमचा राहू शकतो. त्यातून गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा’ म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि थायमिन दिलंच नाही, तर प्रकृती आणखी बिघडते. म्हणून सलाईन लावण्याआधी सांगा, “वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या.” दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर सर्जनला फोन करा. जठर अरुंद झालेलं असू शकतं.

“एरंडेल लावून पोटाला प्लास्टिक गुंडाळा, २१ रात्रींत कातडी घट्ट.”

घट्ट होणार नाही, चिघळेल. पोटाच्या वळीखाली घाम साचून बुरशी वाढते, पावसाळ्यात तर हमखास. वळी उचलून कोरडी पुसा, मध्ये मऊ सुती कापड ठेवा. लाल चट्टे आलेच तर दुकानदार देतो ती गजकर्णाची तीन औषधांची ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं, आणि वळीतली कातडी त्याने आणखी पातळ होऊन फाटते.

“सहा महिन्यांत कातडी कापून घ्या, विमा पैसे देतो.”

सहा महिन्यांत वजन उतरतच असतं, पोट कापून शिवलं तरी पुन्हा सैल पडेल. साधारण १२ ते १८ महिने थांबायचं, त्यातले शेवटचे तीन ते सहा महिने वजन स्थिर हवं. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ठीक हवं, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद, नाहीतर टाके उसवतात. विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणारा उपचार एवढेच अपवाद. वळी वारंवार चिघळत असेल तर प्रत्येक वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, फोटो तारखेसकट ठेवा आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी मागा.