दुसऱ्या कोसाची वेठ

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या वाडीत ख्रिस्ती घर एकच आहे आणि ते आमचे आहे. अशा ठिकाणी शिष्यत्व आचरू पाहणाऱ्या माणसाची मुख्य अडचण म्हणजे शेजाऱ्यांना सुवार्ता ठाऊक नसणे, असा शहरातून येणाऱ्या पाळकांचा समज असतो. प्रत्यक्षात येशूचे डोंगरावरील प्रवचन जेथे सुरू होते तो मत्तयकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आमच्या शेजाऱ्यांना उत्तम ठाऊक आहे आणि तो कोणी पाळायचा आहे, हेही त्यांना तितकेच पक्के ठाऊक आहे.

याचे श्रेय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनला द्यावे लागते. या मिशनने वेंगुर्ल्यात दवाखाना चालवला आणि शेजारचे तात्या लहानपणी हिवतापाने आजारी पडले तेव्हा त्यांना तेथेच नेले होते. कोणते औषध दिले हे त्यांना आज आठवत नाही. परंतु खाटेवर पडल्या पडल्या कानावर आलेली वचने त्यांनी साठ वर्षे जपून ठेवली आहेत. त्यांतही वेठीस धरून एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जावे, हे वचन त्यांच्या विशेष आवडीचे आहे. रोमी अमलात शिपायाला वाटेवरच्या कोणाही माणसाला ओझे वाहण्यासाठी धरता येत असे. वधस्तंभ वाहण्यासाठी कुरेनेकर शिमोनाला धरले ते याच रिवाजाने. माझ्यापाशी स्कूटर आहे ही गोष्ट सुदैवाने रोमी सैन्याला कळली नाही. तात्यांना मात्र ती कळलेली आहे.

त्यांचा पहिला कोस वेंगुर्ल्याच्या बाजारापर्यंत असतो. तेथे सुके बांगडे, बल्ब आणि गुरांची पेंड घेऊन झाली की ते पिशवी माझ्या पायांत ठेवतात, मागे बसतात आणि कुडाळचा विषय काढतात. कोकणकन्येने मुंबईहून मुलगा येणार असेल, तहसील कचेरीतून उतारा आणायचा असेल, किंवा काहीच काम नसेल. मी क्षणभर थांबलो की मागून अत्यंत सौम्य आवाज येतो, “मास्तर, तुमच्या पुस्तकात दोन कोस चलाक सांगलेला आसा मां?” वेंगुर्ले ते कुडाळ हे अंतर कोणत्याही मोजमापाने एका कोसात बसत नाही, हा मुद्दा मी मांडून पाहिला आहे. मग तुम्हाला पुण्यही त्याच मापाने मिळेल, असे ते म्हणतात. तारण देवाच्या कृपेनेच मिळते, या सिद्धांतात पुण्याचा असा हिशेब बसत नाही, हे चालत्या स्कूटरवरून, हेल्मेटच्या आतून, मागे बसलेल्या माणसाला समजावणे कठीण आहे.

आमच्या दोन्ही परसांच्या मधे चिऱ्यांचा गडगा आहे आणि त्याला लागून, आमच्या बाजूला, ‘वेंगुर्ला-७’ जातीचे काजूचे कलम आहे. कलम वाढताना कोणाला विचारत नाही, त्यामुळे त्याचा निम्मा विस्तार तात्यांच्या हवेत आहे. फांद्या आमच्या, पण खाली पडलेली बी ज्याच्या जमिनीत पडली त्याची, असा निवाडा तात्यांनी स्वतःच देऊन टाकला. त्यानंतर ते आकडी घेऊन, पडण्याच्या बेतात असलेल्या बियांनाही मदत करू लागले. मी गडग्यापाशी गेलो तेव्हा त्यांनी आकडी खाली न ठेवता मला आठवण करून दिली की, फिर्याद करून बंडी मागणाऱ्याला अंगरखाही द्यावा आणि त्यांनी तर अजून फिर्यादही केलेली नाही. कोकणात फिर्याद न करणे हा मोठाच उपकार समजला जातो, हे मला मान्य करावे लागले.

आमच्या सौभाग्यवतींचे शास्त्रज्ञान माझ्याहून अधिक आहे. त्यांचे म्हणणे असे की काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून या किनाऱ्यावर आणला, त्यामुळे डोंगरावरील प्रवचन ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही परसात तो असणे शक्य नव्हते. तेव्हा बंडी, अंगरखा आणि गाल यांच्यापलीकडे त्या आज्ञेची व्याप्ती वाढवण्याचे कारण नाही. हा अर्थ मला फार पटला. पाळकांना मात्र तो पटला नाही. पण त्यांच्या घराला गडगा नाही.

याच पाळकांनी आमच्या मंडळीत साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपल्या विश्वासाची हकिकत इतरांना कशी सांगावी, याचे शिक्षण दिले. आधीचे जीवन, प्रभूची भेट आणि नंतरचे जीवन, हे सर्व तीन मिनिटांत सांगता आले पाहिजे. उदाहरण अर्थातच कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते आमच्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले आणि १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तुमच्याही डब्यात एखादा टिळक बसलेला असेल, असे पाळक म्हणाले.

मांडवी एक्सप्रेसमध्ये माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते, चेहऱ्याने कवीच वाटणारे. परंतु त्या युरोपीय गृहस्थाला जी सोय होती ती मला नव्हती. त्यांना कोणी मूळ गाव विचारले नसावे. माझे गाव, वाडी, आडनाव, ते आडनाव असूनही मी ख्रिस्ती कसा, आजोबा की पणजोबा, जमिनीत वाटा राहिला की गेला आणि माझी सून सावंतवाडीच्या अमक्यांच्या नात्यातली तर नव्हे, एवढी चौकशी रत्नागिरीपर्यंत चालली. वाटेत कटलेट आणि वडे तिकडून इकडे व इकडून तिकडे जात होते. शेवटी पणजोबांच्या बाप्तिस्म्यावरून मी मोठ्या शिताफीने दिमिष्काच्या वाटेवर, म्हणजे शौलाला (पुढच्या संत पौलाला) प्रभू भेटला त्या प्रसंगाकडे वळलो, शौल घोड्यावर होता असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही हेही सांगून टाकले आणि आकाशातून प्रकाश चमकणार एवढ्यात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. तो साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगदा संपला तेव्हा गृहस्थ झोपी गेले होते.

अशा वेळी मला फादर थॉमस स्टीफन्स यांचा आधार वाटतो. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण राशोल येथे छापून निघाले ते १६१६ साली. आधी सदतीस वर्षे त्याने येथील माणसांचे ऐकून घेतले असले पाहिजे, असा माझा अंदाज आहे. तीन मिनिटांचे शिक्षण त्याला कोणी दिले नसावे.

तात्यांना साक्ष देणे तर त्याहून अवघड, कारण ते विरोधच करीत नाहीत. मी तारणाविषयी बोललो की ते “बरोबर आसा” म्हणतात. एकच देव खरा, असे म्हटले की दोनदा मान डोलावतात आणि मुलाच्या नोकरीसाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले आहेच, आता “तुमच्या देवाकडेय एक गाराणा घाला” अशी विनंती करतात. मी त्यांच्या ओटीवर बसून प्रार्थना केली तेव्हा ‘आमेन’च्या जागी त्यांनी हात जोडून खणखणीत “होय म्हाराजा!” म्हटले. दुसरे देव नसावेत, या पहिल्या आज्ञेचा विषय काढावा, असे मनात आले. पण आमची मंडळी ‘आमेन’ म्हणते तेव्हा निम्मे लोक घड्याळ पाहत असतात, हेही मनात आले आणि मी चहा घेतला.

विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या आशेविषयी सौम्यतेने उत्तर द्यायला सिद्ध असावे, असे पेत्राने लिहिले आहे. सिद्ध मी होतोच, विचारणाराच काय तो यायचा होता. तो यंदाच्या मिरगाच्या सुमारास आला. तात्यांचा धाकट्या भावाशी जमिनीचा दावा चालू आहे. तारखेहून भिजत परतलेले तात्या आमच्या पडवीत टेकले आणि म्हणाले, “मास्तर, तुमका कधी रागच कसो येणा नाय?”

तीन मिनिटे माझ्या जिभेवर तयार होती. एवढ्यात आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “येतो हो तात्या, रोज येतो. काजूच्या दिवसांत तर दोन वेळा येतो. मग बसतात प्रार्थनेला.”

तात्यांनी माझ्याकडे नव्याने पाहिले. मग वादी वाटेत बरोबर असतानाच त्याच्याशी समेट करावा, असे तुमच्यात कोठेतरी आहे ना, असे विचारले. मी नवा करार आणून ती जागा दाखवली. त्यांनी बोट ठेवून ती सावकाश वाचली आणि पुस्तक मिटून काखेत घेतले. “ह्या पुस्तक माका चार दिस होया. भावाक वाचून दाखवतंय.”

आठवडा झाला नाही तोच धाकटा भाऊ गडग्याशी आला. दादा रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून समेटाचे वचन वाचतो, तर त्याला उलट वाचून दाखवता येईल असे त्याच पुस्तकात काही आहे काय, अशी त्याची पृच्छा होती. मी त्यालाही एक प्रत दिली आणि त्याच अध्यायात, दोनच ओळी अलीकडे, वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याविषयी जे आहे ते दाखवले. तो खूश होऊन गेला. दावा अजून चालू आहे, पण दोघेही आता पुढचे अध्याय मागू लागले आहेत.

वर्षअखेरीस पाळकांनी किती प्रती वाटल्या असे विचारले. दोन, असे मी सांगितले. कोणाला, या रकान्यात मी ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ असे लिहिले.