‘रायटरच पेपर सोडवतो’ म्हणणाऱ्यांसाठी

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर ‘जागे व्हा पालकांनो’ आणि खाली सहा मुद्दे. दिव्यांग विद्यार्थ्यांचा पेपर रायटरच (म्हणजे ते सांगतील ते लिहून घेणारा लेखनिक) सोडवतो. तासाला वीस मिनिटं जादा देणं म्हणजे हुशार मुलांवर अन्याय. धडधाकट दिसणारी मुलंही हल्ली ‘दिव्यांग’ निघतात. निम्मी प्रमाणपत्रं खोटी असतात. असल्या डिग्रीचे डॉक्टर उद्या आपल्यावर उपचार करणार. आणि या सगळ्याचा खर्च आपल्या फीमधून. शेवटी अर्थातच, ‘किमान पाच ग्रुपवर पाठवा’.

आमच्या कॉलेजातल्या समान संधी कक्षाचं काम माझ्याकडे आहे, शिकवण्याच्या जोडीला. असले मेसेज एरवी मी वाचून पुसून टाकते. या वेळी एका वडिलांचा फोन आला. मुलगा एस.वाय.बी.कॉम.ला, सेरेब्रल पाल्सीमुळे हात थरथरतो, पण हिशेबात पक्का. “मॅडम, रायटरचा अर्ज मागे घ्या म्हणतोय. वर्गाच्या ग्रुपवर ते आलं आणि पोरं हसली म्हणे.” म्हणून लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

रायटरपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात बिनडोक मुद्दा तोच आहे.

रायटर कोण असतो हे हा मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी बघितलंय का? तो विद्यार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, हा नियमच आहे. आमच्याकडे बी.कॉम.च्या पेपरला बहुतेक वेळा अकरावी आर्ट्सची मुलं येतात. सोबत हमीपत्र, ओळखपत्र, वेगळी खोली आणि समोर सुपरवायझर. परवाच्या परीक्षेत अकाउंट्सचा पेपर होता. पूर्ण अंध मुलगी, तिच्या शेजारी अकरावीचा एक पोरगा. नफा-तोटा पत्रक चाललं होतं. ती सांगत होती, “डावी बाजू, नावे. तिसरी ओळ. मशिनरीवरचा घसारा, 12,500.” पोरगा लिहीत होता. बेरजा ती बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करत होती. जिथे कॅल्क्युलेटर चालतो तिथे तसला वापरायला परवानगी आहे. उत्तर संपल्यावर म्हणाली, “आता जमा बाजू वाच.” तो वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला तिने थांबवलं. “अरे, घसारा जमेला कशाला लिहिलास? खोड ते.” नावे आणि जमा म्हणजे काय, हे त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. दोन्ही बाजूंचे सगळे आकडे तोंडपाठ धरून बसायचे, त्यात दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, त्याचं अक्षर वाईट असेल तर मार्क आपले जायचे. याला तुम्ही म्हणता रायटर पेपर सोडवतो! ज्याला खरोखर तसं वाटतं त्याने एक दिवस डोळ्यांना पट्टी बांधून कुणाला तरी साधा किराण्याचा हिशेब दोन रकान्यांत सांगून बघावा.

कुठेच गैरप्रकार होत नाही असं मी म्हणणार नाही. ढिला सुपरवायझर आणि विषय येणारा रायटर एकत्र आले की होतो. पण कॉपी बाकीच्या ब्लॉकमध्येही होते, आणि तिच्यावर उपाय म्हणून सगळ्यांची पेनं काढून घ्या असं अजून कुणी सुचवलेलं नाही.

आता जादा वेळ. तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटं. वर जे सांगितलं त्यातच उत्तर आहे: सांगणं, लिहून घेणं, वाचून घेणं, दुरुस्त करणं. अंधुक दिसणारी मुलं भिंगाखाली एकेक ओळ सरकवत प्रश्नपत्रिका वाचतात, त्यातच पहिली दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. ‘मग सगळ्यांनाच द्या’ म्हणणाऱ्यांनी खुशाल मागावा, विद्यापीठाने दिला तर माझी काही हरकत नाही. मात्र ही कुणा प्राचार्यांची मेहेरबानी नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही शब्दांनिशी लिहिलेलं आहे.

‘दिसायला तर चांगला आहे’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो मुलांच्या मनात जाऊन बसतो. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यातले कितीतरी बाहेरून दिसत नाहीत: अध्ययन अक्षमता (वाचण्या-लिहिण्यातली, हिशेबातली अडचण), हिमोफिलिया, थॅलेसेमिया, मानसिक आजार, सिकल सेल हा रक्ताचा आजार. विदर्भातल्या शिक्षकांना सिकल सेल वेगळा सांगायला नको. काल वर्गात हसत असलेलं पोरगं आज हाडं फुटल्यासारखं दुखतंय म्हणून दवाखान्यात पडलेलं असतं. पाणी कमी पडलं, थंडी लागली, दगदग झाली, एवढं निमित्त पुरतं. त्याला काय हवं असतं? तळमजल्यावरचा ब्लॉक, जवळ पाण्याची बाटली, बुडालेली इंटर्नल पुन्हा देण्याची सोय. एवढ्यासाठी चारचौघांत ‘तू कसला दिव्यांग’ ऐकून घ्यायचं?

अध्ययन अक्षमतेची प्रमाणपत्रं शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे जास्त दिसतात, हे मात्र मला मान्य करावं लागतं. माझाही अनुभव तोच. पण त्याचा अर्थ हा श्रीमंतांचा आजार आहे असा होत नाही. मुंबईत शीवच्या रुग्णालयात तपासणी होते. आमच्या तालुक्याच्या मुलाला वर्षानुवर्षं कुणी तपासतच नाही, त्याला फक्त ‘ढ’ म्हणतात आणि तो केटी लावत, म्हणजे राहिलेले विषय पुन्हा देत बसतो.

आणि जे ठासून सांगतात की प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांखाली असेल तर काहीच मिळत नाही (हे आमच्या एका सहकाऱ्यांनीही स्टाफरूममध्ये सांगितलं), त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा निकाल वाचावा. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी. एमबीबीएस झालेला उमेदवार, लिहायला लागलं की हात आखडायचा, रायटर्स क्रॅम्प. त्याने नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक मागितला. यूपीएससीने नाकारला: तुमचं दिव्यांगत्व ठरलेल्या चाळीस टक्क्यांच्या निकषात बसत नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. ज्याला लिहायला खरोखर अडचण आहे त्याला सोय मिळाली पाहिजे, कारण अशी सोय करून देणं हा समानतेचाच भाग आहे. तुमचा ‘दुरुपयोग होईल’ हा लाडका मुद्दा तिथेही मांडला गेला होता. काही जण गैरफायदा घेतील या भीतीने बाकीच्यांचा हक्क काढून घेणं कोर्टाला पटलं नाही. या निकालानंतर केंद्राने 10 ऑगस्ट 2022 ला चाळीस टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रिंट काढून मी कक्षाच्या दारावर चिकटवल्यात, तरी दर सत्रात कुणीतरी विचारतंच, “पण चाळीस टक्के आहे का?”

खोट्या प्रमाणपत्रांबद्दल: असतात. निम्मी हा आकडा कुठून आला ते मेसेजवालाच जाणे, पण असतात. 2024 मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, त्यात दिव्यांग प्रमाणपत्राचाही वाद होता, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे लोक संशयाने बघतात. खोटेपणा करून लाभ घेतला तर 2016 च्याच कायद्याच्या कलम 91 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पकडा ना. पण ज्याचे हात खरोखर थरथरतात त्याला चौकशी अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारून कुठला घोटाळा उघडकीला येणार आहे?

डॉक्टरांचा मुद्दा. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल आला. बोलण्यातल्या दोषाची टक्केवारी चाळीसच्या वर, म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलेला मुलगा. कोर्टाने म्हटलं, नुसता टक्क्यांचा आकडा बघून दार बंद करू नका, हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते तपासा. तपासलं, आणि त्याला प्रवेश मिळाला. पुढे पेपर, प्रॅक्टिकल, इंटर्नशिप सगळ्यांना सारखीच. पासिंगचे मार्क रायटरला नाही, उत्तराला मिळतात.

खर्चावर फार लिहीत नाही. पहिल्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावर आणायला एक नोटीस लागते. अंध मुलं संगणकावर एनव्हीडीए वापरतात, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर फुकट आहे. रॅम्पला पैसे लागतात, हो. त्यावरून प्रयोगशाळेच्या जड पेट्याही जातात आणि गुडघेदुखीवाले आमचे सरही.

खरी अडचण या मेसेजमध्ये कुठेच नाही. रायटर मिळत नाहीत. ऐन परीक्षेत त्यांची स्वतःची चाचणी असते, किंवा आई म्हणते चार तास कुठे बसतोस. मग सकाळी सात वाजता मी ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांना फोन करत सुटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा जवळ आल्यात. आमच्या भागात कुणाची अकरावीतली मुलगी-मुलगा मोकळा असेल, अक्षर बरं असेल आणि सांगितलेलं निमूट लिहिण्याइतका धीर असेल, तर कक्षात नाव नोंदवा. वाणिज्यवाला नसला तरी चालेल, उलट नसलेलाच बरा. त्या एस.वाय.च्या मुलाचा अर्ज मी अजून मागे घेतलेला नाही.