आबांचा अंदाज

गेल्या रविवारी लख्ख उन्हात मी एकटाच रेनकोट घालून उभा होतो आणि चहाच्या टपरीवरचे एक आबा माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना हसवत होते, हे मी अद्याप विसरलेलो नाही. जळगाव जिल्ह्याला पिवळा इशारा होता, मोबाईल दुपारी पावसाची साठ टक्के शक्यता दाखवत होता आणि आमच्या मंडळींना पाटणादेवीहून कन्हेरगड चढायचा होता. एवढी प्रस्तावना पुरे.

"भाऊ, मोबाईलमा पानी पडी ऱ्हायनं का?" आबांनी विचारले.

मी शांतपणे समजावले की साठ टक्के म्हणजे हवामान अगदी असेच असलेल्या दहा दिवसांपैकी साधारण सहा दिवशी पाऊस पडतो. आबांनी गाळणी आपटून रिकामी केली, क्षणभर विचार केला आणि विचारले, "मंग आज सहामधला दिन शे का चारमधला?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मे 2025 पासून आपल्याकडे सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टीम आहे. परंतु आबांची टपरी आणि तिच्यावर उभा असलेला सातमाळ्याचा कडा एकाच चौकटीत मावत असावेत, त्याला कोण काय करणार? इशाऱ्याचा रंग तर अख्ख्या जिल्ह्याला एकच, मग तुम्ही सातपुड्याच्या कुशीत चोपड्याला असा की इकडे चाळीसगावला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने याच पाटणला मठ स्थापल्याचे 1207 सालचा शिलालेख सांगतो. त्या विद्वानांना ग्रहणाची वेळ गणिताने काढता येत होती. पावसाबद्दल टपरीवर कोणी त्यांना छेडले असते, तर त्यांचीही माझ्यासारखीच गत झाली असती. आबांनी मात्र कपाळावर आडवा हात धरून डोंगराकडे पाहिले, मग बांधलेल्या म्हशीकडे पाहिले आणि निकाल दिला, "आज पानी येत नही." माझ्या सोबत्यांनी तत्काळ आपापले रेनकोट गाडीत ठेवले.

भाद्रपदात सकाळचे ऊन हीच खरी धोक्याची खूण असते, कारण जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारी तिचे गडगडाटी ढग होतात. तीनच्या सुमारास आम्ही माथ्यावर असताना विजांसह पाऊस कोसळला. त्याच सुमारास खाली धवलतीर्थाच्या डोहात पोरे निर्धास्त डुंबत होती, असे नंतर कळले. वर पडलेला पाऊस खाली कोरड्या आकाशाखालीही गढूळ लोंढा होऊन येतो, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. जो सांगू पाहतो, तो रेनकोटवाला विदूषक ठरतो. या ठिकाणी मला विनोद सुचत नाही.

निथळत टपरीवर परतलो, तेव्हा आबा प्रसन्न होते. "मी सांगेल व्हतं ना!" ते म्हणाले. पाऊस येणार नाही असे सांगितले होते, याची मी आठवण करून दिली. त्यावर ते वाक्य केवळ सकाळपुरते होते, असा खुलासा मिळाला. ओलेचिंब सोबती माना डोलवत होते! माझा अंदाज खरा ठरला होता, मी कोरडा होतो आणि कौतुक आबांचे चालले होते.

निघताना आबांनी मला म्हशीच्या आडोशाला बोलावले. कपाशीवर फवारणी करायची होती, औषध महाग होते आणि फवारल्यावर लगेच पाऊस आला तर सगळे धुऊन जाणार होते. ते अॅप त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून हवे होते. मी टाकून दिले. चहाचे पैसे त्यांनी तरीही घेतले.

पुढच्या रविवारी तोरणमाळ ठरले आहे. निघण्यापूर्वी हवामानासाठी आबांना फोन करावा, असे सर्वानुमते ठरले असून ती जबाबदारी माझ्यावर आली आहे. आमची गाडी पहाटे पाचला निघते आणि आबा सातच्या आत फोन उचलत नाहीत.