‘पोरांचं नुकसान’ या शब्दाला उत्तर

‘प्रोजेक्टाइलचं, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूचं, गणित सूत्राने सुरू करू नका, आधी वेगाचे आडवा आणि उभा असे दोन भाग पाडा,’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली : ‘तुमच्या उदाहरणात जी (गुरुत्वीय त्वरण) कुठे ९.८, कुठे १०. हवेचा विरोध धरलेलाच नाही. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे सूत्र घालायचं आणि पुढे जायचं. हे खडू-फळ्याचं शिकवणं बंद करा, पोरांचं नुकसान होतंय.’

जी ची चूक माझीच. दोन्हीकडे १० केलाय, आभार. हवेचा विरोध अकरावीला धरत नाहीत, तो विषय सोडा. वेळेचं म्हणाल तर सरावाने हात बसतो.

पण ‘पोरांचं नुकसान’? स्वतःचं नावसुद्धा न लिहिता तुम्ही हे दुसऱ्याला सुनावता? कोल्हापूरच्या राजारामपुरीत बावीस वर्षं शिकवतोय मी. कागल-मुरगूडहून पहाटेची एसटी धरून पोरं येतात माझ्याकडे. त्यांचं नुकसान कशात आहे ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही, कारण ते मी स्वतः भोगलंय.

बारावीच्या चाचणीत गणित होतं : १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, आडव्याशी ३० अंश वर फेकला. जमिनीवर किती लांब पडेल? मला रेंजचं सूत्र तोंडपाठ. वेगाचा वर्ग गुणिले साइन दोन थीटा, भागिले जी; थीटा म्हणजे फेकीचा कोन. उत्तर ३४.६ मीटर. सगळ्यांत आधी पेपर देऊन बाहेर पडलो. बिंदू चौकात मित्राने विचारलं, ‘मग तुझा चेंडू गच्चीच्या उंचीवरच हवेत थांबला काय रे?’ मी गप्प. ते सूत्र चेंडू जिथून सुटला त्याच पातळीवर परत येईपर्यंतचं, एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाग पाडून बघा. उभा वेग १०, आडवा १७.३. उभ्या दिशेत उणे १५ बरोबर १० टी उणे ५ टी वर्ग, म्हणजे टी, लागलेला वेळ, तीन सेकंद. सूत्रातला उड्डाणाचा वेळ दोनच सेकंद येतो. आडव्या वेगाला तीनने गुणा, ५२ मीटर. एवढ्याला किती वेळ लागला हो? ‘४५ अंशाला सर्वांत लांब’ हेही तसंच. शाहू स्टेडियमवर थ्रो-इन घेणारा पोरगा डोक्यावरून चेंडू सोडतो आणि तो जमिनीवर पडतो. वेग तोच धरला तरी सर्वांत लांब टाकायचा कोन ४५ च्या खालीच येतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखालीच हे गच्चीचं गणित तुमच्या रेंजच्या सूत्राने सोडवून दाखवा. आणि नाव लिहा.